‘शीत संमीलन’ : एका नावाची चिकित्सा

मूल जन्माला आले, बारा दिवस सुखरूप गेले की मग त्याचे बारसे करावयाचे, ही आपल्याकडची रीत आहे. शास्त्राच्या प्रांतातही सामान्यतः हाच क्रम असतो. आधी वस्तू सापडते, ती खरी असल्याची खात्री पटते, आणि मग तिला नाव मिळते. पण कधी कधी उत्साहाच्या भरात हा क्रम उलटतो. मूल जन्मले आहे की नाही याचीच शंका असताना पाळणा सजतो, नाव ठेवले जाते, साखर वाटली जाते. आणि पुढे कितीतरी वर्षे त्या नावावरूनच भांडण चालू राहते. १९८९ साली ‘शीत संमीलन’ या नावाने जे प्रकरण जगभर गाजले, ते याच जातीचे होय. आपल्या महाराष्ट्रातील तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा या प्रकरणाशी निकटचा संबंध आला होता. म्हणून त्या नावाची चिकित्सा करावी, आणि त्याहून बरे नाव सुचते का ते पाहावे, असे आम्ही योजिले आहे.

नावाची एवढी चिकित्सा कशाला, असे कोणी विचारील. आपल्या गावाचेच उदाहरण घेऊ. नासिक हे नाव शूर्पणखेच्या नाकावरून पडले असे कोणी सांगतात. नऊ शिखरांवरून पडले असे दुसरे सांगतात. मोगलाईत याच गावाला गुलशनाबाद म्हणत. यांतली कोणती व्युत्पत्ती खरी, यावाचून गोदावरीचे पाणी अडत नाही. गावाचे नाव ही नुसती खूण असते. शास्त्रीय नावाचे तसे नसते. ते खुणेबरोबर काही एक मतही सांगत असते, आणि ते मत चुकीचे निघाले तर नाव माणसाला आडवाटेला नेते.

याचे उत्तम उदाहरण तापाचे आहे. ‘मलेरिया’ या इटालियन शब्दाचा मूळ अर्थ ‘वाईट हवा’. दलदलीवरील दूषित हवेने हा ताप येतो, अशी पूर्वी युरोपात समजूत होती आणि ती नावातच गोठून बसली. १८९७ साली सिकंदराबादेस रोनाल्ड रॉसने डासाच्या पोटात या रोगाचे जंतू दाखविले आणि हवेचा सिद्धांत संपला. नाव मात्र चुकीचे ते चुकीचेच राहिले. आपल्या आजीबाई याच रोगाला ‘हिवताप’ म्हणत. हिव भरते आणि ताप येतो; जे दिसते तेवढेच त्यांनी नावात घातले. कारण हवा असो, डास असो, हिवताप हा शब्द कधीच खोटा पडला नाही. तीच गोष्ट प्राणवायूची. लाव्हाझिएने या वायूला ‘आम्ले उत्पन्न करणारा’ अशा अर्थाचे ‘ऑक्सिजन’ हे नाव दिले. पुढे डेव्हीने दाखविले की मिठापासून होणाऱ्या तीव्र आम्लात ऑक्सिजन मुळीच नाही. नाव चुकले. आपला ‘प्राणवायू’ मात्र प्राणाला लागतो एवढेच सांगतो, म्हणून टिकून आहे.

यावरून पहिला नियम निघतो. ज्याचे कारण अजून ठरलेले नाही, त्या गोष्टीचे नाव तिच्या लक्षणावरून ठेवावे, कारणावरून ठेवू नये.

प्रकरण काय होते

सूर्याच्या पोटात हायड्रोजनचे अणुगर्भ एकमेकांत मिसळून हेलियम होतो आणि त्या वेळी प्रचंड ऊर्जा बाहेर पडते. या मिसळण्याला मराठीत संमीलन म्हणतात. जड अणुगर्भ फुटण्याला भंजन म्हणतात. भंजनावर आपली तारापूरची अणुवीज चालते. संमीलन मात्र माणसाच्या ताब्यात यावयाचे आहे. अडचण अशी की दोन्ही अणुगर्भांवर धन विद्युत्‌भार असल्याने ते एकमेकांना दूर लोटतात. सूर्याच्या केंद्रभागी सुमारे दीड कोटी अंश उष्णतामान आणि अफाट दाब आहे, म्हणून तेथे हे साधते. पृथ्वीवर यंत्रात साधावयाचे तर दहा कोटी अंशांच्याही वर जावे लागते. १९५५ साली जिनीव्हाच्या परिषदेत होमी भाभा यांनी वीस वर्षांत ही ऊर्जा ताब्यात आणण्याची रीत सापडेल असे भाकीत केले होते. त्याला सत्तर वर्षे होऊन गेली. प्रयत्न नेटाने चालू आहेत, पण संमीलनाची वीज अद्याप कोणाच्या घरी आलेली नाही.

अशा परिस्थितीत २३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतील युटा विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅन्ली पॉन्स या दोन विद्युत्‌रसायनज्ञांनी वार्ताहरांना बोलावून सांगितले की, हे काम आम्ही टेबलावरच्या काचेच्या भांड्यात केले आहे. भांड्यात जड पाणी, म्हणजे साध्या हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम हा त्याचा जड भाऊ असलेले पाणी. त्यात पॅलेडियम या मौल्यवान धातूची कांडी ऋण अग्र म्हणून आणि प्लॅटिनमची तार धन अग्र म्हणून. आणि त्यातून वीज. एवढ्या सामग्रीवर भांड्यात घातलेल्या विजेपेक्षा अधिक उष्णता बाहेर आली, आणि ती इतकी की रासायनिक क्रियेने तिचा हिशेब लागत नाही, असा त्यांचा दावा होता.

पॅलेडियमच का, तर हा धातू हायड्रोजन पिऊन घेतो. आपल्या आकारमानाच्या सुमारे नऊशेपट वायू तो पोटात साठवितो, हे एकोणिसाव्या शतकात ग्रॅहमने दाखविले होते. एवढी दाटी झाल्यावर आत अणुगर्भ एकमेकांत मिसळत असतील ही कल्पना सहज सुचणारी आहे. १९२६ साली बर्लिनमध्ये पॅनेथ आणि पीटर्स यांना ती सुचली होती. पॅलेडियममध्ये हायड्रोजनचा हेलियम होतो असे त्यांनी जाहीर केले आणि तो हेलियम बाहेरून आलेला होता असे दिसताच पुढच्या वर्षी दावा मागे घेतला. शिवाय ‘दाटी’ हा शब्दही फसवा आहे. पॅलेडियमच्या जाळीत शेजारच्या दोन ड्यूटेरियम अणूंमधील अंतर हे साध्या ड्यूटेरियम वायूच्या रेणूतील अंतराच्या तिप्पटीहून अधिक असते! धातूत ते अणू एकमेकांजवळ येत नाहीत, उलट दूर जातात.

न्यूट्रॉन कोठे गेले?

संमीलनाच्या नावाला खरा धक्का बसला तो वेगळ्याच हिशेबाने. दोन ड्यूटेरियम अणुगर्भ मिसळले की काय होते, हे प्रयोगशाळांत पूर्वीच नीट मोजले गेले आहे. साधारण निम्म्या वेळा हेलियम-३ आणि एक न्यूट्रॉन मिळतो; निम्म्या वेळा ट्रिटियम आणि एक प्रोटॉन मिळतो; हेलियम-४ आणि गॅमा किरण हा तिसरा प्रकार अत्यंत विरळा. या प्रमाणाने एक वॅट उष्णता संमीलनातून यावयाची तर दर सेकंदास सुमारे एक लाख कोटी न्यूट्रॉन बाहेर पडावयास हवेत. एक वॅट म्हणजे देवघरातील विजेच्या छोट्या दिव्याइतकी शक्ती; पण तेवढे न्यूट्रॉन त्या भांड्याशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या जिवावर बेततील. युटाचे दोघेही धडधाकट होते. म्हणजे एकतर उष्णतेचे माप चुकले होते, किंवा जे घडत होते ते आपल्या ओळखीचे संमीलन नव्हते. दोन्ही पक्षी ‘संमीलन’ हे नाव अडचणीत येते.

आणि ‘शीत’ कोठून आले? फ्लाइशमन-पॉन्स यांच्या पहिल्या निबंधाच्या मथळ्यात ‘विद्युत्‌रासायनिक मार्गाने घडविलेले संमीलन’ अशा अर्थाचे शब्द होते, ‘शीत’ नव्हते. हे विशेषण दुसऱ्याच्या घरचे. म्यूऑन नावाचा, इलेक्ट्रॉनचा सुमारे दोनशेपट जड भाऊबंद आहे. तो हायड्रोजनच्या रेणूत शिरला की अणुगर्भ फार जवळ येतात आणि थंडीतही संमीलन होते. १९५६ साली अल्व्हारेझने हे प्रत्यक्ष पाहिले, आणि त्या बातमीच्या वेळी न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात ‘शीत संमीलन’ हा प्रयोग झाला. हे संमीलन खरे आहे, निर्विवाद आहे. मात्र म्यूऑन तयार करण्यास लागणारी ऊर्जा मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षा जास्त, म्हणून ते व्यवहारात निरुपयोगी. त्याच विषयावर काम करणारे स्टीव्हन जोन्स हे १९८९ साली युटातच शेजारच्या विद्यापीठात धातूंतील अल्पशा न्यूट्रॉनांचा शोध घेत होते. त्यांच्या निबंधाच्या मथळ्यात ‘शीत’ होते. दोन बातम्या एकत्र झाल्या, आणि एकाचे निर्विवाद नाव दुसऱ्याच्या वादग्रस्त दाव्याला चिकटले. उसन्या दागिन्याने लग्नात मिरवावे तसे झाले.

शिवाय ‘शीत’ म्हणजे किती शीत? निफाडच्या द्राक्षबागाइतदाराला थंडी म्हणजे काय ते विचारावे. पारा चार-पाच अंशांवर उतरला की त्याची झोप उडते. युटाचे भांडे तर हाताला कोमट लागणारे, कधी उकळणारे! सूर्याच्या मानाने त्याला शीत म्हणावयाचे, तर लोहाराची भट्टीही शीतच ठरेल. ज्याचा सारा दावा उष्णतेचा, त्याचे नाव शीत! या नावात एक शब्द सापेक्ष आहे, आणि दुसरा शब्द सिद्ध व्हावयाचा आहे.

तुर्भ्याचे काम

युटाची बातमी भारतात पोहोचली तेव्हा भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक डॉ. पी. के. अय्यंगार होते. त्यांनी केंद्रातील अनेक विभागांतील गटांना हे प्रयोग करून पाहण्यास उत्तेजन दिले. तुर्भ्याला जड पाणी हाताळण्याची आणि ट्रिटियम मोजण्याची रोजची सवय. थळसारख्या कारखान्यांतून देशाचे जड पाणी येत होते. एप्रिल ते सप्टेंबर १९८९ या काळातील कामाचा अहवाल अय्यंगार आणि डॉ. एम. श्रीनिवासन यांनी संपादून डिसेंबरात प्रसिद्ध केला. त्याच्या नावातही ‘शीत संमीलन’ हेच शब्द होते.

पण त्या अहवालात काय होते ते पाहिले म्हणजे नावाची अडचण आणखी स्पष्ट होते. तुर्भेकरांचा भर उष्णतेवर नव्हताच. त्यांना काही भांड्यांत न्यूट्रॉन आढळले आणि त्याहून ठळकपणे ट्रिटियम आढळला. ड्यूटेरियम भरलेल्या टायटॅनियमच्या तुकड्यांनी क्ष-किरणांच्या फिल्मवर काळे ठिपके उमटविले, तेही ट्रिटियमचे चिन्ह मानले गेले. मात्र ट्रिटियमच्या मानाने न्यूट्रॉन अत्यंत थोडे होते. जेथे निम्मे-निम्मे असावयास हवे तेथे कोट्यवधी ट्रिटियम अणूंमागे एखादा न्यूट्रॉन, अशा थराचे प्रमाण निघाले. म्हणजे युटात न्यूट्रॉनाविना उष्णता, आणि तुर्भ्यास न्यूट्रॉनाविना ट्रिटियम. दोन ठिकाणी दोन वेगळी लक्षणे, आणि दोन्हींची परिचित संमीलनाशी फारकत. तरी दोन्हींचे नाव एकच!

टीकाकारांची बाजूही सांगितली पाहिजे. विद्युत्‌विच्छेदन करीत राहिले की जड पाण्यात मुळात असलेला किंचित ट्रिटियम मागे राहून दाट होत जातो. जेथे अणुभट्ट्या आहेत तेथे बाहेरून ट्रिटियम मिसळण्याची शक्यताही असते. तुर्भ्याच्या शास्त्रज्ञांना ही भीती ठाऊक होती आणि तिचा विचार आपण केला आहे असे त्यांचे म्हणणे होते. परंतु हव्या त्या वेळी, हव्या त्या प्रयोगशाळेत तेच फळ मिळावे, ही शास्त्राची अंतिम कसोटी तेथेही पुरी झाली नाही. पुढे हे काम मागे पडत गेले. २०१५ साली बंगळूरच्या ‘करंट सायन्स’ या नियतकालिकाने या विषयावर तीसहून अधिक निबंधांचा खास विभाग काढला. संपादकांत श्रीनिवासन होतेच. पण सव्वीस वर्षांत नाव पालटले होते. आता ते ‘अल्पऊर्जा अणुगर्भीय प्रक्रिया’ असे झाले होते.

बदललेली नावे

या पालटाची कथा उद्बोधक आहे. १९८९ च्या नोव्हेंबरात अमेरिकन सरकारच्या ऊर्जा खात्याच्या समितीने पुरावा पटण्याजोगा नाही असा निर्णय दिला. त्यानंतर ‘शीत संमीलन’ हे शब्द असलेला निबंध म्हणजे परत येणारा निबंध, असे समीकरण होऊन बसले. मग कार्यकर्त्यांनी नवी नावे शोधली. ती एकेक करून तपासू.

‘अल्पऊर्जा अणुगर्भीय प्रक्रिया’ या नावात ‘अल्प’ कोणाची ऊर्जा? आत घातलेल्या कणांची. पण ऐकणाऱ्याला वाटते की बाहेर येणारी ऊर्जा अल्प. आणि दावा तर विपुल ऊर्जेचा! शिवाय ‘अणुगर्भीय’ हा शब्द निकाल आधीच लावून टाकतो. ‘घनद्रव्य अणुगर्भशास्त्र’ हे नाव २००३ च्या सुमारास या मंडळींच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने घेतले. ते भारदस्त आहे, पण एवढे ऐसपैस की घन पदार्थांतील अणुगर्भांविषयीचे कितीतरी निर्विवाद शास्त्र त्यात बसते. एका वादग्रस्त खोलीला साऱ्या वाड्याचे नाव दिल्यासारखे ते आहे. जपानने नव्वदीच्या दशकात काढलेल्या सरकारी योजनेचे नाव ‘नवी हायड्रोजन ऊर्जा’ असे होते. हे तर कंपनीच्या जाहिरातीसारखे वाटते. योजना १९९८ च्या सुमारास गुंडाळली गेली. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

‘फ्लाइशमन-पॉन्स परिणाम’ असे माणसांच्या नावाने म्हणावे, हीही एक सूचना आहे. ‘रामन परिणाम’ आपण म्हणतोच. या नावात कारण घुसत नाही, हा मोठा गुण. पण १९२८ साली रामन यांनी दाखविलेला परिणाम आज महाविद्यालयातला विद्यार्थी पुन्हा दाखवू शकतो. ‘परिणाम’ हा शब्द अशा खात्रीसाठी राखून ठेवावा. आणि या नावात तुर्भ्याच्या ट्रिटियमला जागा कोठे?

अलीकडे ‘विसंगत उष्णता’ किंवा ‘जास्तीची उष्णता’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. कारणाविषयी मौन आणि लक्षणावर बोट, एवढ्यापुरते हे नाव हिवतापाच्या वाटेने जाते. पण ‘जास्तीची’ म्हणताना उष्णता खरोखरच जास्त झाली हे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात प्रयोगवाल्याच्या हाती उष्णता येत नाही. येतो तो जमाखर्च. एका बाजूला विजेचे माप. दुसऱ्या बाजूला भांड्याने गमावलेली उष्णता, पाण्याचे घटक अलग होऊन वायुरूपाने निघून गेलेली ऊर्जा, ते वायू पुन्हा एकत्र आले असल्यास परत आलेली ऊर्जा, ढवळणे पुरेसे झाले की नाही त्याची सूट. या सगळ्या नोंदींची बेरीज-वजाबाकी करून शेवटी जो आकडा उरतो, त्याला ‘जास्तीची उष्णता’ म्हणतात.

आमची सूचना

येथे आमच्या मते आपल्या बाजारपेठेचा एक साधा शब्द उपयोगी पडेल. दुकानदार रात्री गल्ला मोजतो. वहीपेक्षा शंभर रुपये अधिक भरले, तर शहाणा दुकानदार त्याला नफा म्हणत नाही. तो म्हणतो, तफावत आली. एखादी विक्री लिहावयाची राहिली असेल, कोणाला सुटे कमी दिले गेले असतील, किंवा खरोखरच कोठून तरी पैसा आला असेल. कारण सापडेपर्यंत ती तफावत असते. सापडल्यावर ती चूक ठरते किंवा जमा ठरते. बँकेतही हाच शिरस्ता आहे.

‘जास्तीची उष्णता’ हा नफ्याचा शब्द आहे. ‘तफावत’ हा हिशेबाचा शब्द आहे. म्हणून या साऱ्या प्रकरणाला ‘धातु-हायड्रोजन तफावत’ म्हणावे अशी आमची सूचना आहे. युटाचा दावा तो ‘उष्णता-तफावत’, तुर्भ्याचा तो ‘ट्रिटियम-तफावत’. कोठे घडते ते नावात आहे, काय आढळते ते आहे. का घडते ते नाही, आणि काय मिळणार आहे तेही नाही. उद्या मोजमापाची चूक सापडली तरी नाव खोटे ठरणार नाही, आणि नवा निसर्गनियम सापडला तरी ठरणार नाही. क्ष-किरणांच्या नावात असाच विनय आहे. १८९५ साली राँटगेनला किरण दिसले, पण ते कशाचे हे कळेना. म्हणून त्याने बीजगणितातील अज्ञात अक्षर त्यांना दिले, आणि आपण ते ‘क्ष’ करून घेतले. पुढे त्यांचे स्वरूप कळले, तरी नाव बदलावे लागले नाही.

या सूचनेवर तीन आक्षेप येतील. पहिला भाषेचा. तफावत हा शब्द मूळचा अरबी. आणि ज्या भगूरच्या सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली, ते भगूर तर आपल्या शेजारीच. ‘महापौर’, ‘दिनांक’ यांसारखे जे शब्द त्यांच्या नावाशी जोडले जातात ते आज सर्वांच्या तोंडी आहेत, हे आम्ही जाणतो. संस्कृत शब्दच हवा तर ‘विसंगती’ आहे. पण विसंगती म्हणजे नियमाशी न जुळणे; तीत नियम आणि घटना दोन्ही पक्क्या मानल्या जातात. तफावतीत मोजणाऱ्याचाही हात तपासला जातो. ही छटा आम्हांस मोलाची वाटते, आणि ती किराणा दुकानापासून न्यायालयापर्यंत प्रत्येकाला विनासायास कळते.

दुसरा आक्षेप संशोधकांचा. इतक्या फिक्या नावाला पैसा कोण देईल? आमचे उत्तर असे की हिशेबतपासनिसाला तफावत शोधण्याचाच मोबदला मिळतो. २०१५ नंतरच्या चार वर्षांत गूगल कंपनीच्या खर्चाने सुमारे तीस संशोधकांनी हे दावे पुन्हा तपासले आणि २०१९ साली ‘नेचर’मध्ये स्वच्छपणे सांगितले की आम्हांस शीत संमीलनाचा पुरावा मिळाला नाही. तरी त्या कामातून उष्णता मोजण्याची अधिक चांगली साधने आणि धातूत हायड्रोजन भरण्याचे ज्ञान हाती आले. २०२३ साली अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या एका संस्थेने आठ गटांना मिळून एक कोटी डॉलर देण्याचे जाहीर केले, तेही प्रश्न एकदाचा निकालात निघावा या हेतूने. २०२५ साली कॅनडातील व्हॅंकूव्हरच्या गटाने ड्यूटेरियमचे वेगवान कण पॅलेडियमवर सोडून, त्याच वेळी विद्युत्‌रासायनिक रीतीने धातूत आणखी ड्यूटेरियम भरून, संमीलनाचा वेग सरासरी १५ टक्के वाढल्याचे दाखविले. मिळालेली ऊर्जा खर्चाच्या मानाने नगण्य होती. पण तेथे न्यूट्रॉन मोजले गेले. म्हणून तेथे ‘संमीलन’ हा शब्द हक्काने वापरता येतो, आणि त्यांना ‘शीत’ची गरज पडली नाही. हाच आमचा मुद्दा आहे. मोठे नाव पुराव्याने कमवावे. आगाऊ उचलू नये.

तिसरा आक्षेप साशंक मंडळींचा. जे नाहीच त्याला नाव तरी कशाला? १९०३ साली फ्रान्सच्या नान्सी गावात ब्लाँडलोने ‘एन-किरण’ शोधून गावाचे नाव त्यांना दिले. पुढच्याच वर्षी रॉबर्ट वूडने अंधारात उपकरणातील लोलक हळूच काढून घेतला, तरी निरीक्षकांना किरण दिसतच राहिले! किरण नव्हतेच. हे खरे, पण नाव होते म्हणूनच ती भ्रांती कोणती ते आपण आज सांगू शकतो. नावाने वस्तू जन्मत नाही आणि नाव नाकारून ती मरतही नाही. नाव फक्त वाट मोकळी किंवा बंद करते.

रूढ नाव पालटणे सोपे नसते, हेही मान्य केले पाहिजे. विश्वाच्या आरंभाच्या सिद्धांताला फ्रेड हॉयलने १९४९ साली आकाशवाणीवरील भाषणात ‘बिग बँग’ म्हटले. हॉयल त्या सिद्धांताचे विरोधक, आणि नाव मात्र त्यांचेच रूढ झाले. आपले कै. जयंत नारळीकर याच हॉयलांचे शिष्य. १९९३ साली एका अमेरिकन खगोल मासिकाने या सिद्धांतासाठी चांगले नाव मागविले. तेरा हजारांहून अधिक सूचना आल्या, आणि परीक्षकांनी एकही स्वीकारली नाही! मग आमच्या सूचनेचे काय होणार? परंतु मराठीत ‘शीत संमीलन’ अजून फारसे रुळलेले नाही; त्यामुळे आपल्यापुरते तरी योग्य नाव घालण्यास अवकाश आहे.

नागरिकाचा संबंध

हा सगळा खटाटोप केवळ शब्दांचा नाही. एकलहऱ्याला दूरवरून वाघिणी भरून कोळसा येतो आणि त्याची राख व धूर आपल्याच वाट्यास येतात. स्वस्त आणि स्वच्छ ऊर्जा मिळावी ही कोणाचीही न्याय्य इच्छा आहे. याच इच्छेच्या पोटी फसवणूकही वाढते. १९९६ साली तमिळनाडूतून वनौषधीपासून पेट्रोल केल्याची बातमी आली आणि मोठमोठी माणसे भुलली. पाण्यावर चालणारी मोटर, लोहचुंबकावर अखंड फिरणारे चाक, पोकळीतून काढलेली वीज असे दावे अधूनमधून येतच असतात, आणि ते सर्व ‘शीत संमीलन’ या मोठ्या छत्रीखाली आसरा घेतात. ज्यांनी वर्षानुवर्षे प्रामाणिकपणे मोजमापे केली त्या तुर्भ्याच्या शास्त्रज्ञांना आणि चाकवाल्यांना एकाच पंगतीस बसविणे हा पहिल्यांवर अन्याय आहे आणि दुसऱ्यांना फुकटची प्रतिष्ठा आहे.

म्हणून ‘तफावत’ हा शब्दही सरसकट वाटू नये. ज्याने आपली वही उघडून दाखविली, त्याच्याच दाव्याला तो द्यावा. आत किती ऊर्जा घातली, कशाने मोजली? बाहेर किती आली, त्यात चूक किती संभवते? दुसऱ्या कोणी, संबंध नसलेल्या माणसाने, तसेच करून तेच मिळविले काय? हे तीन प्रश्न विचारावयास पदार्थविज्ञानाची पदवी लागत नाही. उत्तर मिळाले तर शोध चालू ठेवण्यास आपला पाठिंबा असावा. न मिळाले तर आपला पैसा आपल्या खिशात असावा.

धातूच्या जाळीत हायड्रोजन नेमके काय करतो, हा प्रश्न ग्रॅहमच्या काळापासून सुटत सुटत आला आहे. त्यात एखादा मोठा नियम दडलेला असेल किंवा साध्या चुकांची मालिका असेल. दोहोंपैकी जे निघेल ते मोकळ्या मनाने घेता यावे, यासाठी आज हिशेबाच्या वहीत ‘तफावत’ एवढेच लिहावे आणि बेरीज पुन्हा एकदा तपासावयास घ्यावी. बारसे मागाहून करता येईल.